परभणीचं परराष्ट्र खातं

चार माणसं एका ऑफिसात सात-आठ वर्षं बसली की किस्से आपोआप साठतात. कुणी ते मुद्दाम जमवत नाही. निवृत्त झाल्यावर कपाट आवरावं तसं डोकं आवरायला घेतलं, की एकामागून एक खाली पडतात. माझी अडचण एवढीच, की लोकांच्या किश्शांत फजिती दुसऱ्याची असते आणि माझ्या किश्शांत बहुतेक वेळा माझीच आहे. तीही एका माणसाच्या हेव्यापायी. आता वय झालं. हेवा करायला तो माणूसही जवळ नाही. तेव्हा सांगायला हरकत नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. परभणीत स्टेशन रोडला, एका सायकलच्या दुकानावर, आमच्या खासदारसाहेबांचं ऑफिस होतं. दोन खोल्या, एक मोठं टेबल, एक टाइपरायटर आणि खाली एक जीप. साहेब मूळचे वकील. निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यामुळं उर्दू फर्डी, मराठी घरची आणि इंग्रजी कामापुरती.

दिल्लीत त्यांना खासदारांच्या एका मैत्री गटात घेतलं होतं. म्हणजे काय, तर निरनिराळ्या देशांच्या खासदारांनी एकमेकांना पत्रं लिहायची, वर्षातून एकदा परिषदेला भेटायचं, आणि युद्ध होऊ नये, माणसामाणसांत भेद राहू नये, म्हणून आपापल्या सरकारच्या मागं लागायचं. सरकारं एकमेकांशी बोलेनाशी झाली तरी खासदारांनी बोलणं तोडायचं नाही, असा तो कारभार. बाकीच्यांनी हे काम फाइलीत घातलं. साहेबांनी मनावर घेतलं. अधिवेशन संपलं की परभणीला यायचे आणि इथून जगभर पत्रं पाठवायचे.

गावानं आमचं नाव ठेवलं, 'परभणीचं परराष्ट्र खातं'. जीप चालवायला हमीदभाई. पत्रं टाइप करायला मी. आणि खरं सांगायचं तर मी स्वतःला टायपिस्ट समजतच नव्हतो. मंत्रीच समजत होतो.

*

आमच्या टाइपरायटरचं 'पी' हे अक्षर तुटलेलं होतं. दुसऱ्या ऑफिसात ते चाललं असतं. आमच्या प्रत्येक पत्रात तीनदा 'पीस' आणि चारदा 'पार्लमेंट' यायचं. मी तेवढी जागा सोडून टाइप करायचो आणि नंतर निळ्या शाईनं एकेक 'पी' हातानं भरायचो. जरा वळणदार काढायचो. मशीन दुरुस्तीला औरंगाबादला पाठवावं असं मी दोनदा सुचवलं. महिनाभर पत्रं बंद पडतील म्हणून साहेब नको म्हणाले.

सहा महिन्यांनी उत्तरेकडच्या एका थंड देशातून उत्तर आलं. तिथल्या एका बाई खासदारांचं. नाव सिग्रिड. जाड, शुभ्र कागद, स्वच्छ टायपिंग. पण पत्रातला प्रत्येक 'पी' निळ्या शाईनं हातानं भरलेला.

खाली बाईंनी लिहिलं होतं, की शांतता आणि संसद या शब्दांचं पहिलं अक्षर यंत्रानं न उमटवता हातानं लिहायची तुमची प्रथा आम्हाला फार भावली. आमच्या गटानंही ती ठराव करून स्वीकारली आहे.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "विनायकराव, आता मशीन दुरुस्त करता यायचं नाही."

ते पत्र मी घरी नेऊन सुमनला, माझ्या बायकोला, वाचून दाखवलं. शेजारच्यांनाही दाखवलं. कचेरीतले ओळखीचे कारकून आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते. ते जळतायत हे दिसत होतं आणि मला फार बरं वाटत होतं. दुसऱ्याच्या हेव्यासारखं सुख नाही. स्वतःला होईपर्यंत.

*

साहेबांवर जळणारेही होते. त्यांत पहिले आबासाहेब. हेही वकील, साहेबांबरोबरच शिकलेले आणि त्यांच्याकडूनच निवडणूक हरलेले. साहेब परिषदेला परदेशी जाणार ही बातमी आली आणि त्याच आठवड्यात आबासाहेबांनी देवगाव फाट्यावर सभा घेतली.

"आपल्या फाट्यावर औरंगाबादची जलद गाडी थांबत न्हाई," ते म्हणाले, "आन् हे निघाले जगातली युद्धं थांबवायला."

लोक लय हसले. हमीदभाईंनी जीपमधून ऐकलं आणि साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. साहेब रागावले नाहीत. त्यांनी मला एस.टी.च्या अधिकाऱ्यांना पत्र टाइप करायला सांगितलं. दोन स्मरणपत्रं गेली आणि जलद गाडी फाट्यावर थांबायला लागली.

पुढच्या सभेला साहेब स्वतः गेले. मागं, बाभळीखाली जाऊन बसले. आबासाहेबांनी त्यांना पाहिलं, थोडे थांबले आणि म्हणाले, "बरं, गाडी थांबली. मग युद्ध का थांबंना?"

सगळ्यांत आधी टाळी साहेबांनी वाजवली. परत येताना जीपमध्ये म्हणाले, प्रश्न बरोबर आहे.

*

आणि मग वाघमारे आला.

किसन वाघमारे, झरीचा. छप्पन साली त्याच्या वडलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा हा शाळेत होता. आई-वडील दोघंही मजुरीला. हा औरंगाबादेला राहून बी.ए. झालेला, इंग्रजी घेऊन. आमच्या घरात लिहिणं-वाचणं पाच पिढ्यांचं. त्याच्या घरात त्याचंच पहिलं. पण माझी इंग्रजी मॅट्रिकला थांबली होती आणि त्याची कुठं थांबायचं नाव घेत नव्हती.

साहेबांनी त्याला मदतनीस म्हणून आणलं. मी टेबलाचा एक कोपरा रिकामा करून दिला. दुपारी ऊन यायचं तो कोपरा. वाघमारे ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत काम करायचा.

परिषदेत करायच्या भाषणाचा मसुदा साहेबांनी दोघांकडून मागितला. मी चार पानं लिहिली. त्यात हिमालय होता, गंगा होती, दोन संस्कृत श्लोक होते. वाघमाऱ्यानं एक पान लिहिलं. त्यात हे होतं:

"देश स्वतंत्र झाला तेव्हा माझा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. आमच्याकडं स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा पोचलं. समता अजून वाटेत आहे."

साहेबांनी दोन्ही मसुदे वाचले. माझा बाजूला ठेवत म्हणाले, की विनायकराव, तुमचंही छान आहे, पण वाचताना दम लागतो.

वाघमाऱ्याचा मसुदा टाइप करायचं काम अर्थात माझ्याकडंच. मी टाइप करत गेलो. 'तेरा महिने उशिरा पोचलं' इथपर्यंत आलो आणि हात थांबला. पुढचं वाक्य मला सुचायला हवं होतं. मीही याच जिल्ह्यात वाढलो होतो. तेरा महिन्यांचा हिशेब मलाही पाठ होता. पण माझ्या डोक्यात हिमालय आला आणि याच्या डोक्यात हे. मी ते वाक्य टाइप केलंच नाही.

साहेबांनी कागद हातात घेतला. वाचून झाल्यावर म्हणाले, "इथं आणखी काहीतरी होतं."

वाघमाऱ्यानं वाकून कागद पाहिला. मग शांतपणे म्हणाला, "पान संपलं असेल, साहेब."

खाली अर्धं पान कोरं होतं.

*

साहेबांना वाक्य पाठ होतं. त्यांनी परिषदेत ते म्हटलंच. परत आल्यावर आम्हाला सांगितलं, की भाषण संपल्यावर सिग्रिडबाई त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, हे वाक्य तुमचं आहे का? साहेबांनी सरळ सांगून टाकलं, की माझं नाही. माझ्या ऑफिसात किसन वाघमारे म्हणून आहे, त्याचं.

पुढच्या वर्षीचं निमंत्रण आलं ते दोघांच्या नावानं. साहेब आणि त्यांचा सहायक, जाण्यायेण्याचा खर्च त्यांच्याकडं. टपाल मी फोडायचो. 'सहायक' हा शब्द दिसला आणि मी खुर्चीतून उठलोच. पुढं नाव होतं. माझं नव्हतं.

ते पत्र मी दोन दिवस कुणाला दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांनीच विचारलं, तेव्हा आजच आलं म्हणून पुढं केलं. पाकिटावर पोस्टाचा शिक्का होता. साहेबांनी शिक्का पाहिला, मला पाहिलं आणि पाकीट उलटं ठेवलं.

पासपोर्टसाठी पोलिसांची चौकशी लागते. एका दुपारी हवालदार आला. दोन प्रतिष्ठित लोकांकडून अर्जदाराच्या वर्तणुकीची खात्री करून घ्यायची होती आणि त्यातला एक प्रतिष्ठित माणूस मी निघालो. वाघमारे बाहेर गेला होता. ऑफिसात मी एकटाच.

ते दिवस असे होते, की 'मोर्चात दिसतो हो' एवढं नुसतं म्हटलं असतं तरी कागद सहा महिने अडकला असता. खोटंही ठरलं नसतं. एकदा मोर्चात गेला होता तो. हवालदार पेन्सिल धरून वाट बघायलाय आणि मी खिडकीतून खाली सायकलच्या दुकानाकडं बघायलोय. एक पंक्चर काढून होईपर्यंत बघत होतो.

शेवटी म्हणालो, वर्तणूक चांगली आहे.

हवालदार म्हणाला, "किती चांगली?"

"पाहिजे त्याच्याहून जास्त," मी म्हणालो.

त्यानं ते तसंच लिहून घेतलं आणि त्याखाली माझी सही घेतली. वाघमाऱ्याच्या सरकारी कागदांत ते वाक्य अजून कुठंतरी असेल.

*

पासपोर्ट आला, तर कोट नव्हता. थंड देश, आणि वाघमाऱ्याकडं दोन पांढरे सदरे. शिवून घ्यायला वेळ नव्हता.

मी घरी हे मोठ्या समाधानानं सांगितलं. म्हटलं, आता बघू कसा जातो. सुमन भाकऱ्या थापत होती. तिनं विचारलं, तुमचा लग्नातला कोट कुठं घालता तुम्ही? मी म्हणालो, कुठंच नाही. मग तो पेटीत काय करतोय, असं विचारून तिनं हात धुतले आणि कोट काढून उन्हात टाकला. एक बटण तुटलं होतं. काळं मिळालं नाही म्हणून तपकिरी लावलं. दुसऱ्या दिवशी वाघमाऱ्याला घरी बोलावून स्वतः त्याच्या अंगावर घालून बघितला. माझ्यापेक्षा त्यालाच नीट बसत होता.

हमीदभाई दोघांना स्टेशनवर सोडून आले. वर येऊन माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "विनायकसाब, दिल छोटा नक्को करो. आधे तो तुमीच गये."

महिन्याभरानं वर्तमानपत्रात फोटो आला. निरनिराळ्या देशांचे खासदार रांगेत उभे, मधे साहेब, बाजूला सिग्रिडबाई आणि मागं वाघमारे. फोटो काळा-पांढरा, पण त्यातही वेगळं बटण ओळखू येत होतं. सुमननं तो कापून भिंतीवर लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट ठेवून सांगायची, हा आमचा कोट.

कोट परत आला तेव्हा कुणी बघत नाही असं पाहून मी त्याचे खिसे तपासले. एका खिशात ट्रामचं तिकीट निघालं. तिकडच्या भाषेतलं, एका कडेला भोक पाडलेलं. वाघमाऱ्याला ते परत द्यायला हवं होतं. दिलं नाही.

*

त्या दुसऱ्या परिषदेतला किस्सा आमच्याकडं लोक मुद्दाम ऐकायला यायचे.

एका ठरावाचा मसुदा चालला होता. शेजारी-शेजारी असलेले दोन देश, सरहद्दीवर तणाव, आणि त्यांचे दोन खासदार एकाच समितीत. एकाला ठरावात 'समान हक्क' पाहिजे. दुसऱ्याला 'योग्य हक्क'. दोन दिवस तेवढ्यावरच अडलेलं. दोघांनाही आतून मिटवायचं होतं, पण दोघांचे वार्ताहर मागं बसलेले. आधी माघार कुणी घेतली हे उद्या आपापल्या देशात छापून येणार, ही दोघांना भीती.

तेव्हा साहेबांना ताडकळसचा बैलबाजार आठवला. आपल्याकडं दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव करतात. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी कोण किती उतरला ते कुणाला कळत नाही. साहेबांनी दोघांचे दोन आणि मधले दोन, असे चार शब्द कागदावर लिहून त्यांना एक ते चार आकडे दिले. दोन्ही खासदारांना समोरासमोर बसवलं, हात हातात द्यायला लावले आणि वर आपलं उपरणं टाकलं. बोट दाबून आकडा सांगायचा. तोंडानं बोलायचं नाही.

सभागृहातली सगळी माणसं बघत होती. पाच मिनिटं नुसतं उपरणं हालत होतं. मग दोघांनी एकदमच सांगितलं, तिसरा शब्द. ठराव मंजूर झाला. आधी कोण उतरलं हे फक्त उपरण्याला ठाऊक.

गंमत अशी, की हे सांगताना वाघमारे म्हणायचा, सगळं साहेबांनी केलं. आणि साहेब म्हणायचे, मला नुसता बाजार आठवला, बोटांना शब्द लावायची कल्पना किसनची. दोघं श्रेय एकमेकांकडं ढकलत असायचे, आणि मी मधे बसून वाट बघायचो, की चुकून तरी कुणी माझं नाव घेईल.

कारण साहेबांना ताडकळसच्या बाजाराला पहिल्यांदा मीच घेऊन गेलो होतो. बैल बघायला. एके दिवशी न राहवून मी हे चारचौघांत बोलूनही दाखवलं.

हमीदभाई म्हणाले, "हौ साब. और जीप मैं चलाया."

*

त्यानंतरच्या हिवाळ्यात सिग्रिडबाई भारतात आल्या. दिल्लीतल्या भेटीगाठी उरकून, आपल्या शिष्टमंडळातल्या आणखी दोघांना घेऊन, दोन दिवसांसाठी परभणीला. पाहुण्यांच्या दुभाष्याचं काम साहेबांनी मला दिलं. वाघमारे जाऊन आलाय, आता तुम्ही, असं म्हणाले. तीन आठवडे मी आरशासमोर तयारी करत होतो. सुमन म्हणायची, आरशाला पण आता इंग्रजी यायला लागली.

स्टेशनवर हार घेऊन मी सगळ्यांच्या पुढं. गाडी थांबली, बाई दारात आल्या. मी स्वागताचं पाठ केलेलं पहिलं वाक्य सुरू केलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडं बघितलं आणि हात हलवून हाक मारली, "किसन!"

हार माझ्या हातातच राहिला. वाक्यही.

झरीला पाराजवळ बायका जमवल्या होत्या. वाघमाऱ्याच्या आळीतल्या होत्या, मेंढरं पाळणाऱ्या धनगरांच्या होत्या, मजुरीवरून तशाच आलेल्या होत्या. बाईंना त्यांच्याशी बोलायचं होतं. पहिला प्रश्न साधा होता, की तुमच्या घरी कुणाचं चालतं?

मी उभा राहिलो आणि भाषांतर केलं, "आपल्या कुटुंबात निर्णय घेण्याचे अधिकार कोणाकडे निहित आहेत?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं विचारलं, कोनती योजना हाय ही? मी पुन्हा तेच, जरा मोठ्यानं म्हटलं. साहेबांनी वाघमाऱ्याकडं पाहिलं. वाघमाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली बसलो.

तो बसल्या जागेवरूनच म्हणाला, "घरात कुनाचं चालतंय वं मावशे?"

एकदम हशा झाला. मग एक म्हातारी धनगरीण पुढं सरकली. तिनं नीट विचार करून सांगितलं, "मेंढरायचं."

"म्हंजे?"

"मेंढरायचंच चालतंय. ते उठले का आमी उठायचं, ते बसले का आमी बसायचं. मालक बी त्यायच्याच मागं जायलाय, मी बी त्यायच्याच मागं. भांडायला येळ कुठाय?"

वाघमाऱ्यानं हे इंग्रजीत सांगितलं. बाई हसल्या, वही काढून लिहून घेतलं आणि म्हणाल्या, आमच्या आजोळी माशांचं चालायचं. वाघमाऱ्यानं तेही म्हातारीला सांगितलं. म्हातारीनं बाईंचा हात धरून शेजारी बसवून घेतलं आणि नंतर तासभर दोघी दुभाष्याशिवाय बोलत होत्या. झरीत त्यांचं नाव त्या दिवसापासून सिगडीबाई पडलं.

मी पाराच्या पलीकडं जीपपाशी हमीदभाईंबरोबर उभा होतो. हमीदभाईंनी पान पुढं केलं. मी घेतलं.

*

परतताना एका गावात चहा होता. गावाचं नाव सांगत नाही. त्या घरची नातवंडं पुढं चांगली निघाली.

मोठे शेतकरी, साहेबांचे जुने स्नेही. ओसरीत खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर विणलेलं कापड. यजमान हात जोडून उभे. पाहुण्यांना बसवलं, साहेबांना बसवलं, मला बसवलं. हमीदभाई जीप सोडून आत आलेच नाहीत. एक खुर्ची रिकामी होती. वाघमारे तिच्याकडं न बघता ओसरीच्या खालच्या पायरीवर बसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला सांगावंच लागलं नाही.

चहा आला. आम्हा सगळ्यांना नव्या कपबश्या, सोनेरी काठाच्या, पाहुण्यांसाठी खास आणलेल्या. यजमानांचा गडी मग बाहेर गेला. गोठ्याच्या भिंतीला एक कोनाडा होता, त्यातला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला त्यानं घेतला, विसळला, पायरीवर वाघमाऱ्याच्या पुढं ठेवला आणि वरून, किटली पेल्याला लागू न देता, चहा ओतला.

साहेबांनी पाहिलं. त्यांचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. ते बोलणार असं वाटलं. मग यजमान काहीतरी विचारायला लागले आणि साहेब तिकडं वळले.

मीही पाहिलं. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगतो. दिवसभर मी मागं होतो. स्टेशनवर मागं, झरीत मागं. इथं मी खुर्चीवर होतो आणि तो पायरीवर होता. क्षणभर मला बरं वाटलं.

सिग्रिडबाईंनी कप खाली ठेवला. रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, पायरीकडं बघितलं, पेल्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळल्या. त्या दोन दिवसांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. हळू आवाजात, पण नीट ऐकू जाईल असा.

"किसनचा पेला वेगळा का आहे?"

यजमानांना इंग्रजी येत नव्हती. ते हसून मान डोलवत होते. साहेबांचं यजमानांशी चाललेलं बोलणं बंद झालं. शिष्टमंडळातले दुसरे दोघं माझ्याकडं बघायला लागले. तीन आठवडे मी आरशासमोर ज्याची तयारी केली होती तो प्रसंग हा, आणि माझी इंग्रजी त्या दिवशी जितकी सफाईनं आली तितकी आयुष्यात कधी आली नाही.

मी म्हणालो, "त्याला सर्दी झालीय. आपल्याला लागू नये म्हणून तो काळजी घेतोय."

बाई वाघमाऱ्याकडं वळल्या. साहेबही वळले.

वाघमाऱ्यानं सगळं ऐकलं होतं. माझ्या वाक्यातल्या दोन चुकाही त्याला कळल्या असतील. त्यानं पेला पायरीवर ठेवला. माझ्याकडं बघितलं. चांगलं बराच वेळ बघितलं.

आणि शिंकला.